सेल्फ घेते, पण चालू होत नाही

गाडी ढकलत गॅरेजपर्यंत आणलेला माणूस घाम पुसत बहुतेक वेळा हे एकच वाक्य बोलतो: "सेल्फ घेते, पण चालू होत नाही." तक्रार साधीच आहे. पण ज्याला निदानाची कला आवडते त्याने जरा थांबून ऐकावी इतकी ती ओळ गच्च भरलेली आहे. तो नुसतं "चालू होत नाही" म्हणाला असता, तर दोष कुठेही असू शकला असता. आधीच्या दोन शब्दांत त्याने न विचारता चार साक्षी देऊन टाकल्या: बॅटरीत जीव आहे, सेल्फची मोटर फिरते, तिचं पिनियन फ्लायव्हीलच्या दात्यांत नीट बसतं, आणि इंजिन आतून जाम झालेलं नाही. दोष कुठे नाही ते आधी, दोष आहे हे नंतर. चांगला मिस्त्री वाक्याच्या पूर्वार्धावरच निम्मी यादी खोडतो. कच्चा मिस्त्री उत्तरार्ध तेवढा ऐकतो आणि पाना उचलतो.

पूर्वार्धावरही डोळे मिटून विश्वास ठेवायचा नसतो. सेल्फ म्हणजे गाडीतला सर्वांत मोठा विजेचा खादाड. बॅटरी दमलेली असेल तर ती सेल्फला कशीबशी फिरवते, पण त्या क्षणी तिचा दाब १२ व्होल्टवरून इतका खाली येतो की ठिणगी पाडणाऱ्या कॉइलला द्यायला काही उरत नाही. तेव्हा कसं घेते, जोरात की रडत, हा प्रश्न लगेच यायला हवा. रडत घेत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला वायरी जोडून पाहावं.

आता तो आवाज. सेल्फ इंजिनाला मिनिटाला साधारण २०० फेरे देतो. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला दोन सिलिंडर आतली हवा दाबतात, म्हणजे मिनिटाला ४००, सेकंदाला साडेसहाच्या आसपास दाब. आपण ज्याला 'कुर्र-कुर्र-कुर्र' म्हणतो ते हे दाब. सेल्फ प्रत्येक दाबापाशी अडखळतो, पार होतो, पुढच्यापाशी पुन्हा अडखळतो. अडखळणं एकसारखं असेल तर चारही सिलिंडर दाब धरताहेत. चौथ्या ठोक्याला आवाज सैल पडत असेल तर एक सिलिंडर पोकळ आहे. आणि अडखळणंच नाहीसं होऊन सलग 'व्हिर्रर्र' असा गुळगुळीत, वेगवान सूर लागला तर टायमिंगचा पट्टा किंवा चेन गेली असण्याची दाट शक्यता. व्हॉल्व्ह हलतच नाहीत, पिस्टन दाबायला जातो पण आत काही कोंडलं जात नाही. मालक अशा वेळी कौतुकाने सांगतो, "सेल्फ तर एकदम मस्त घेते!" सगळ्यात सुरेल आवाज आणि सगळ्यात वाईट बातमी. त्यानंतर एकदाही चावी फिरवू नये, कारण पुष्कळ इंजिनांत उघडे राहिलेले व्हॉल्व्ह आणि वर येणारा पिस्टन एकमेकांवर आपटतात, आणि पट्ट्याच्या खर्चात हेडचं काम वाढतं.

फिरवणं आणि पेटवणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे या तक्रारीचं मर्म. गंमत अशी की दोन्हींची घडण मोठ्या प्रमाणात एकाच माणसाची. विजेचा स्टार्टर, म्हणजेच सेल्फ, १९१२ च्या कॅडिलॅकवर आला तो अमेरिकन अभियंता चार्ल्स केटरिंग याच्या कामातून. आणि बॅटरी, कॉइल, पॉइंट यांच्या मेळाने ठिणगी पाडायची रीतही त्यानेच त्याआधी कॅडिलॅकसाठी बसवली होती. स्टार्टरच्या आधी पुढे उभं राहून हँडल मारावं लागे. ते जोखमीचं होतं, उलटा झटका बसला तर मनगट मोडे. पण आज कानाने घ्यावा लागणारा दाबाचा अंदाज तेव्हा थेट दंडाला मिळत असे. आपल्याकडे अॅम्बॅसडरच्या जमान्यापर्यंत हँडलची सोय टिकली होती. ते हँडल हाताने सावकाश फिरवून चारही दाब एकेक करून चाचपणारा जुना मिस्त्री आणि स्टेथोस्कोप लावणारा डॉक्टर यांच्यात मला तरी फार फरक दिसत नाही.

रसग्रहणाला एक ठरावीक प्रत समोर हवी. मी प्रीमियर पद्मिनी घेतो. मूळची फियाट ११००, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनलेली, १९७४ पासून पद्मिनी या नावाने ओळखली गेलेली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, एक कार्ब्युरेटर, एक कॉइल, एक जोडी पॉइंट, बाजूला इंजिनच्याच जोरावर चालणारा पेट्रोलपंप. संगणक औषधालाही नाही. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिची मुदत ऑक्टोबर २०२३ अखेर संपली. निदानाची सगळी व्याकरणं उघड्यावर मांडलेली दिसतात ती या गाडीत. तिला पेटायला हव्यात हवा, पेट्रोल, दाब आणि ठिणगी, आणि ठिणगी नेमक्या वेळी. यापलीकडे तिची काही मागणी नाही.

बॉनेट उघडण्याआधी पहिला प्रश्न तोंडी असतो, आणि माझ्या मते अख्ख्या निदानातली ही सर्वांत देखणी जागा. "उभी होती का चालताना गेली?" चालताना गेली असेल तर लगेच दुसरा: "झटक्यात गेली की आचके देत गेली?" दिव्याचं बटण बंद करावं तशी गाडी एका क्षणात गेली, तर बोट विजेच्या बाजूकडे वळतं, वीज असते किंवा नसते. आचके देत, दम टाकत, अॅक्सिलरेटर दाबला की थोडी उचल खाऊन पुन्हा मरत गेली असेल, तर पेट्रोल कमी पडतंय, कारण कार्ब्युरेटरच्या वाटीत उरलेलं थोडंथोडं संपत जातं. दोन छोटे प्रश्न, पाना हातात नाही, बोट काळं झालेलं नाही, आणि संशयितांची निम्मी रांग घरी गेली. याच प्रश्नाला डॉक्टरी पेशात पूर्वेतिहास म्हणतात आणि तो घ्यायला वर्षानुवर्षं शिकवतात. गॅरेजमध्ये पोऱ्या तो चहा देता देता ऐकून शिकतो.

उभी असलेली गाडी सकाळी चालू होत नसेल तर प्रश्न बदलतात. रात्री पाऊस होता का? काल कुणी हात लावला होता का? दुसरा प्रश्न विचारायला थोडा उद्धट वाटतो, पण 'काल काम करून आणली' हे उत्तर आलं की कालच्याच कामापासून सुरुवात करायची, बाकी इंजिनाकडे बघायचंही नाही. वायर सैल बसली असेल, प्लगच्या वायरींची अदलाबदल झाली असेल. पद्मिनीचा फायरिंगचा क्रम १-३-४-२. दोन वायरी उलटसुलट झाल्या तरी सेल्फ आनंदाने घेत राहतो, इंजिन मात्र फटाके वाजवतं, चालत नाही.

मग नाक. चार-पाच सेकंद सेल्फ मारून सायलेन्सरपाशी वास घ्यायचा. कच्च्या पेट्रोलचा वास आला तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत जातंय आणि न जळता बाहेर येतंय. वासच नसेल तर ते पोचतच नाही. या परीक्षेला एक पैसा लागत नाही. फार उग्र वास असेल तर गाडी 'ओव्हर' झालेली असते. चोक ओढून, अॅक्सिलरेटर पंप करकरून मालकाने स्वतःच तिला बुडवलेलं असतं. प्लग ओले झाले की ठिणगी उडीच मारत नाही. उपाय म्हणजे चोक आत, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्थिर धरायचा, पंप करायचा नाही, आणि सेल्फ मारायचा. हवा भरपूर जाऊन आतलं जास्तीचं पेट्रोल वाहून नेते. घाबरलेल्या माणसाला पाय स्थिर ठेव म्हणून सांगणं हा यातला अवघड भाग.

वास आहे, ओव्हर नाही, तरी पेटत नाही, आता ठिणगी. एक प्लग काढायचा, वायरीला लावायचा, त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवायचा आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगायचं. टोकावर निळसर-पांढरी, कडक आवाजाची ठिणगी उडायला हवी. पिवळट, मरतुकडी ठिणगी हे अर्धंच उत्तर आहे, आणि इथेच घाईतला वाचक फसतो. मोकळ्या हवेत उडणारी ठिणगी सिलिंडरच्या आत उडेलच असं नाही. दाबलेल्या हवेतून उडी मारायला तिला कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. म्हणून 'ठिणगी आहे' हे उत्तर पुरेसं नाही. कशी आहे, ते पाहायचं.

ठिणगी मरतुकडी का, या प्रश्नात पद्मिनीचा सगळा अर्क आहे. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधून १२ व्होल्टचा करंट वाहतो. कॅमचा उंचवटा पॉइंट उघडतो, करंट एकदम तुटतो, आणि तो जितका एकदम तुटतो तितका कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात जोर उसळतो, पंधरा-वीस हजार व्होल्टपर्यंत. सगळी करामत तुटण्याच्या स्वच्छपणात आहे. ती स्वच्छता राखणारा पॉइंटशेजारचा बोटाएवढा कंडेन्सर. तो पॉइंटवर उडू पाहणारी ठिणगी गिळतो. तो खराब झाला की पॉइंटवर आग लागते, करंट रेंगाळत तुटतो, आणि प्लगपर्यंत जाते ती पिवळी, अशक्त ठिणगी. प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं तर आतले पॉइंट जळालेले, खड्डे पडलेले. कच्चा मिस्त्री पॉइंट पॉलिश पेपरने घासतो किंवा नवे टाकतो. गाडी चालू होते, आठवड्याने तेच पॉइंट पुन्हा काळे. जळालेले पॉइंट हा परिणाम होता, कारण शेजारीच गुमान बसलं होतं. अपराधी ज्याच्यावर डाग दिसतो तो नसून ज्याच्या हलगर्जीने डाग पडला तो, हे ओळखणं म्हणजे या गाडीचं अर्धं शिक्षण.

मुंबईच्या जुलैत मात्र एवढं खोल जायची गरज बहुधा पडत नाही. हिंदमाता चौकात साचलेल्या पाण्यातून गाडी काढली, पंख्याने पाणी उडवलं, डिस्ट्रिब्युटरचं झाकण आणि प्लगच्या वायरी ओल्या झाल्या. वीस हजार व्होल्टला प्लगच्या फटीतून उडी मारण्यापेक्षा ओलाव्यावरून घसरत इंजिनाच्या धातूत शिरणं सोपं. अंधारात बॉनेट उघडून सेल्फ मारला तर वायरींवरून निळ्या रेषा धावताना डोळ्यांना दिसतात. बिघाड स्वतःहून आपला पत्ता सांगतोय, अशी संधी मेकॅनिकला फार थोड्या वेळा मिळते. झाकण काढायचं, आतून-बाहेरून कोरड्या फडक्याने पुसायचं. आतल्या बाजूला पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर पुसून भागत नाही. विजेने कार्बनची वाट पाडली आहे आणि ती दर पावसात त्याच वाटेने जाणार. झाकण बदलावं लागतं.

झाकण काढलंच आहे तर माझी सर्वांत आवडती परीक्षा इथेच होऊन जाते. झाकणाखालचा रोटर सेल्फ मारल्यावर फिरतो का, तेवढं बघायचं. डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टवर चालतो आणि कॅमशाफ्टला टायमिंगची चेन फिरवते. रोटर फिरला म्हणजे चेन शाबूत, कॅम फिरतोय. त्या इंजिनात पेट्रोलपंपाचा लिव्हरही कॅमच हलवतो, तेव्हा पंपालाही जोर मिळतोय. रोटर थांबलेला असेल तर ठिणगी, पेट्रोल, दाब तिन्ही गोष्टी एकाच कारणाने गेल्या हे एका नजरेत कळतं. एका पाहण्यात तीन प्रश्नांची उत्तरं देणारी चाचणी मी यांत्रिक निदानात दुसरी पाहिलेली नाही.

पेट्रोलच्या बाजूला उन्हाळ्याची एक अप्रतिम ओळ आहे. मे महिन्यात बोरघाट चढताना इंजिन तापतं, पंप आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि द्रव ओढायला बनवलेला पंप वाफेवर नुसता हापसत राहतो. खंडाळ्यापाशी गाडी आचके देत बंद पडते, सेल्फ घेते, चालू होत नाही. जुने ड्रायव्हर पंपावर ओला फडका टाकायचे आणि थांबायचे. थोड्या वेळाने गाडी चालू झाली तर निदान बरोबर होतं. उपाय आणि पुरावा एकच. पुढे अनेक पद्मिनी टॅक्सी सीएनजीवर गेल्या आणि या घराण्यात एक विनोदी प्रकरण जमा झालं. पेट्रोल-गॅसच्या स्विचला मध्ये एक जागा होती, जिथे दोन्ही बंद. पेट्रोलवरून गॅसवर येताना वाटीतलं पेट्रोल जळून जावं म्हणून. स्विच त्या मधल्या जागी राहिला की सेल्फ घेत राहायचा, वास नाही, गाडी नाही. ठिणगी कडक, दाब पक्का, मिस्त्री हैराण, आणि दोष ड्रायव्हरच्या बोटाखाली.

नव्या गाड्यांत या सगळ्यावर पडदा टाकला गेला आहे. पॉइंट गेले, डिस्ट्रिब्युटर गेला. क्रँकशाफ्टपाशी बसलेला एक सेन्सर फेरे मोजतो आणि संगणक ठिणगी व पेट्रोल दोन्ही ठरवतो. तो सेन्सर गप्प झाला की संगणकाच्या लेखी इंजिन फिरतच नाही, मग तो ठिणगीही देत नाही आणि पेट्रोलही. पद्मिनीत रोटर न फिरण्याने जे होई तेच, पण आता डोळ्यांना दिसत नाही. तरी वाचण्याच्या जागा उरल्या आहेत. चावी 'ऑन'वर आणली की बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटखालून दोनेक सेकंद पंपाची घूं ऐकू येते; ती नसेल तर आधी फ्यूज, मग रिले. त्याच जातीचा हॉर्नचा रिले काढून पंपाच्या जागी बसवून पाहणं ही रस्त्यावरची सुरेख युक्ती. सेल्फ मारताना फेऱ्यांचा काटा जरासा उठतो का, बघावं. अगदी मेल्यासारखा पडून असेल तर क्रँक सेन्सरवर संशय घ्यावा. डॅशबोर्डवर किल्लीचं चिन्ह लुकलुकत असेल तर इंजिनाला हातही लावू नये. गाडीने किल्ली ओळखलेली नाही. आणि पद्मिनीत प्लग टेकवून ठिणगी बघायची सवय इथे मुळीच वापरू नये. नव्या कॉइलवर ती केली तर संगणकाला इजा होऊ शकते. त्यासाठी ठिणगी तपासायचं वेगळं साधन मिळतं.

स्कॅनर लावला की पडद्यावर 'पी०३३५' उमटतं: क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष. इथे माझं स्पष्ट मत आहे. या ओळीतला 'सर्किट' न वाचता सेन्सर बदलणारे बरेच आहेत. सेन्सर, त्याची वायर, त्याचा सॉकेट, सगळं त्या एका कोडखाली येतं. आणि पुण्या-मुंबईत पार्किंगमध्ये उभ्या गाडीची वायर उंदराने कुरतडलेली असणं हे अतिशय नित्याचं कारण. नवा सेन्सर बसतो, बिल होतं, गाडी सेल्फ घेते आणि चालू होत नाही. मग प्लग, मग कॉइल, मग पंप. सुटे भाग बदलत बदलत कधीतरी गाडी चालू होईल ही आशा म्हणजे निदान नव्हे. ती ग्राहकाच्या पैशाने खेळलेली सोडत आहे.

डिझेलच्या गाडीला ठिणगी नाहीच, त्यामुळे रसही वेगळा. तिथे सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही, ग्लो प्लग बघा. धूरच नसेल तर फिल्टर, नळी, आत शिरलेली हवा. यापलीकडे मला तिच्यात पद्मिनीइतकी गोडी वाटत नाही. आणि पाण्यात बुडालेल्या गाडीला हे वाचन लागूच करू नये. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली होत्या. अशा गाडीच्या सिलिंडरमध्ये पाणी असू शकतं, पाणी दाबलं जात नाही, आणि सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. तिथे आधी प्लग काढून पाणी बाहेर.

गाडी चालू झाली की बहुतेकांचं वाचन संपतं. ज्या मिस्त्रींना मी मानतो ते आणखी एक गोष्ट करतात. नवा कंडेन्सर टाकून गाडी चालू झाली. ती बंद करायची, जुना कंडेन्सर पुन्हा बसवायचा आणि सेल्फ मारायचा. पेटली नाही, तर दोष त्याच्यातच होता. पेटली, तर नव्या कंडेन्सरने काही केलं नव्हतं. काढघालीत एखादी सैल वायर जागेवर बसली, आणि ती शोधायची राहिली आहे. ग्राहक तोवर पैसे मोजून चावीसाठी हात पुढे करून उभा असतो, आणि चालू झालेली गाडी पुन्हा बंद का करताय, म्हणून विचारतो.